क्लेम अडला की मदत कोणाची घ्यायची? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

मेडिक्लेमचा दावा नाकारला गेला किंवा अर्धेच पैसे आले, की आपल्याकडे साधारण दोन गोष्टी घडतात. एक तर ‘कंपनीशी कोण भांडत बसणार’ म्हणून फाइल कपाटात जाते. नाहीतर कोणीतरी दिलेल्या नंबरवर फोन लागतो आणि ‘पंचवीस टक्के द्या, पैसे मिळवून देतो’ असं म्हणणाऱ्याच्या हाती सगळे मूळ कागद सोपवले जातात. दोन्हींत नुकसान घरच्यांचंच, आणि तेही आजारपणाने किंवा मृत्यूने घर आधीच खचलेलं असताना. मला याची मनापासून चीड येते, कारण या कामातली बरीचशी मदत फुकट मिळते. जिथे पैसे मोजायला हवेत अशा जागा मोजक्या आहेत, आणि त्या ओळखता येतात.

आरोग्य, आयुर्विमा, गाडी आणि घर या वैयक्तिक पॉलिसींच्या दाव्यांत कोणत्या टप्प्यावर कोणाकडे जायचं, ते इथे क्रमाने लिहितो. आरोग्यविम्यावर जास्त थांबणार आहे, कारण सर्वसामान्य घराला सगळ्यात जास्त त्रास तिथेच होतो.

आधी नकार कागदावर घ्या

कोणाकडेही मदत मागायला जाण्यापूर्वी कंपनीचं म्हणणं लेखी हवं. अॅपवर ‘रिजेक्टेड’ दिसलं किंवा टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेच्या) माणसाने फोनवर सांगितलं, एवढ्यावर कोणीच काही करू शकत नाही. विमा नियामक आयआरडीएआयच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार आरोग्यविम्याचा दावा नाकारण्याआधी कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू समितीची मंजुरी लागते, आणि पॉलिसीतल्या नेमक्या कोणत्या अटीवर दावा नाकारला ते कळवावं लागतं. पत्रात अटीचा क्रमांक नसेल तर ईमेल करून मागा.

पुष्कळ जण ‘क्वेरी’लाच नकार समजून हात टेकतात. क्वेरी म्हणजे कंपनीला आणखी कागद हवा आहे, इतकंच. दावा अजून जिवंत असतो. कागद वेळेत गेला नाही तर मात्र फाइल बंद होऊ शकते.

मग ही कागदपत्रं एका जागी आणा: पॉलिसीची संपूर्ण पुस्तिका (पहिल्या दोन पानांचं शेड्यूल पुरत नाही), प्रपोजल फॉर्मची (पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची) प्रत, हॉस्पिटलचं बाबवार बिल, डिस्चार्ज समरी, कंपनीचं नकारपत्र किंवा कपातीचा तक्ता, आणि आजवरचा सगळा पत्रव्यवहार. हॉस्पिटलचे इनडोअर केस पेपरसुद्धा (ॲडमिट असतानाच्या रोजच्या नोंदी) मागून घ्या. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागणी केल्यावर वैद्यकीय कागदपत्रं ७२ तासांत द्यावीत, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा नियमच आहे. रिसेप्शनवर ‘साहेब नाहीत’ असं उत्तर मिळालं तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

एलआयसी, न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या सरकारी कंपन्यांना माहितीचा अधिकार लागू होतो. दहा रुपयांच्या शुल्कात तुमच्या दाव्याच्या फाइलवरचे शेरे आणि तपासणी अहवाल मागता येतो. वकील नेमल्यावर तोही बहुधा हेच पहिल्यांदा करेल, मग आपणच का करू नये?

ज्यांना आधीच पैसे पोचलेत, त्यांना कामाला लावा

पॉलिसी एजंटमार्फत घेतली असेल तर दाव्यात मदत करणं त्याच्या कामातच येतं. त्याला दरवर्षी कमिशन मिळतं, त्यामुळे संकोच करू नका. ब्रोकरमार्फत घेतली असेल तर आणखी चांगलं. ब्रोकर कायद्याने ग्राहकाच्या बाजूचा असतो आणि मोठ्या ब्रोकरांकडे क्लेमसाठी वेगळी माणसं असतात.

ऐरोली, महापे, वागळे इस्टेट इथल्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्यांची पॉलिसी बहुतेकदा ग्रुप पॉलिसी असते. तिथे एचआरला फक्त ‘क्लेम झाला नाही’ असं सांगून थांबू नका. या पॉलिसीचा ब्रोकर कोण आणि आमचं खातं कोण बघतं, ते विचारा. शेकडो कर्मचाऱ्यांचा प्रीमियम देणाऱ्या मालकाच्या ब्रोकरचा शब्द विमा कंपनीत वजनदार असतो. शिवाय बऱ्याच ग्रुप पॉलिसींत जुन्या आजारांचा प्रतीक्षा काळ, म्हणजे ज्या काळात त्या आजारांचा दावा मिळत नाही तो, माफ केलेला असतो. टीपीएने ते न पाहताच नकार दिला असेल तर ब्रोकरच्या एका ईमेलने प्रश्न सुटू शकतो.

पेशंट अजून हॉस्पिटलमध्येच असेल तर तिथला टीपीए डेस्क गाठा. कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय व्हायला हवा, असं त्याच परिपत्रकात म्हटलं आहे. मंजुरीला तीन तासांपेक्षा जास्त वेळ लागल्यामुळे हॉस्पिटलने जादा पैसे लावले, तर तो भार विमा कंपनीने उचलायचा आहे. डिस्चार्जच्या दिवशी संध्याकाळपर्यंत लॉबीत बसून राहणाऱ्या नातेवाइकांनी हे वाक्य डेस्कवर स्पष्ट बोलून दाखवावं.

कपात झाली असेल तर हिशेब स्वतः करून बघा

संपूर्ण नकारापेक्षा अर्धवट पैसे मिळण्याचे प्रकार खूप असतात, आणि त्यांतला मोठा वाटा खोलीच्या भाड्याचा. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असेल आणि तुम्ही महागडी खोली घेतली असेल, तर त्याच प्रमाणात इतर खर्चही कापला जातो. पण सगळाच खर्च कापता येत नाही. औषधं व वापरून टाकायच्या वस्तू, इम्प्लांट आणि तपासण्या यांवर ही प्रमाणशीर कपात लागू नाही, असं नियामकाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. आयसीयूच्या भाड्यालाही ती लागत नाही.

एक उदाहरण घेऊ. रोजच्या खोलीभाड्याची मर्यादा ५,००० रुपये आहे आणि ८,००० ची खोली ५ दिवस घेतली. एकूण बिल ३,००,००० झालं: खोली ४०,०००, सर्जन, ऑपरेशन थिएटर आणि नर्सिंग मिळून १,२०,०००, आणि औषधं, इम्प्लांट, तपासण्या मिळून १,४०,०००. योग्य हिशेबाने खोलीचे २५,०००, सर्जन वगैरेंचे पाच-अष्टमांश म्हणजे ७५,०००, आणि उरलेले १,४०,००० पूर्ण, असे २,४०,००० मिळायला हवेत. सरसकट सगळ्या बिलाला पाच-अष्टमांश लावले तर १,८७,५०० च होतात. फरक ५२,५०० रुपयांचा. एवढ्या रकमेसाठी सल्लागाराला टक्केवारी देण्याची गरजच नाही. हा हिशेब एका पानावर मांडा, नियमाचा उल्लेख करा आणि कंपनीला पाठवा. (हातमोजे, मास्क, नोंदणी शुल्क अशा काही बाबी पॉलिसीतच वगळलेल्या असतात. त्या आपल्या मागणीतून आधीच काढून टाका, म्हणजे उरलेल्या आकड्याला वजन येतं.)

सगळ्यात मोलाचा तज्ज्ञ: तुमचा उपचार करणारा डॉक्टर

आरोग्यविम्याच्या वादात वकिलाच्या दहा पानांपेक्षा डॉक्टरांचं एक पानी पत्र जास्त कामाला येतं. हे मी ठामपणे लिहितो, कारण नकाराची दोन नेहमीची कारणं मुळात वैद्यकीय असतात.

पहिलं, ‘आजार आधीपासून होता आणि तो लपवला’. हे बहुतेकदा डिस्चार्ज समरीतल्या एका ओळीवर उभं असतं. पेशंट ॲडमिट होताना ज्युनिअर डॉक्टरने घाईत विचारलेलं असतं, घाबरलेल्या मुलाने ‘बीपी आहे, बरीच वर्षं’ असं सांगितलेलं असतं, आणि कागदावर येतं ‘हायपरटेन्शन, दहा वर्षांपासून’. पॉलिसी सहा वर्षांपूर्वीची असली की कंपनीला कारण मिळालं. ती नोंद खरोखर चुकीची असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर खुलासा घ्या: निदान पहिल्यांदा कधी झालं, औषधं कधी सुरू झाली, आणि दहा वर्षांची नोंद कशाच्या आधारे केली होती. सोबत फॅमिली डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या आणि तपासण्यांचे रिपोर्ट जोडा. खोटं पत्र मात्र कोणाकडूनही घेऊ नका. औषध दुकानाची जुनी बिलं आणि आधीच्या हॉस्पिटलचे कागद कंपनीचा तपासनीस काढून आणतो, आणि मग खरी बाजूही कोणी ऐकत नाही.

याच मुद्द्यावर आणखी एक आधार आहे. आरोग्य पॉलिसी सलग ६० महिने चालू असेल, तर त्यानंतर माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. अपवाद सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. ही मुदत पूर्वी ८ वर्षांची होती, २०२४ मध्ये ती ५ वर्षांवर आणली. म्हणजे वरच्या उदाहरणातल्या सहा वर्षांच्या पॉलिसीला याच नियमाचं संरक्षण मिळेल. पॉलिसी एका कंपनीतून दुसरीकडे पोर्ट केली असेल तर आधीची वर्षंही धरायची असतात, म्हणून जुन्या पॉलिसींच्या प्रती फेकू नका.

दुसरं कारण, ‘ॲडमिट होण्याची गरज नव्हती, फक्त तपासण्या केल्या’. इथे पत्रात मोघम ‘गरज होती’ लिहून भागत नाही. ॲडमिट केलं तेव्हाचा ताप, ऑक्सिजन, प्लेटलेट, रक्तदाब हे आकडे, शिरेतून दिलेली औषधं, आणि घरी ठेवलं असतं तर कोणता धोका होता, हे सगळं हवं. हे आकडे इनडोअर केस पेपरमध्ये असतात, म्हणूनच ते आधी मागून घ्यायला सांगितलं. डॉक्टर घाईत असतील तर नकारपत्रातलं वाक्य अधोरेखित करून पुढे ठेवा आणि ‘एवढ्या एकाच मुद्द्यावर लिहून द्या’ अशी विनंती करा.

कागद उशिरा दिले म्हणून नकार आला असेल तर उशिराचं खरं कारण लिहा. केवळ उशीर झाला म्हणून खरा दावा फेटाळू नये, असं नियामकाने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावलेलं आहे.

आयुर्विमा, गाडी आणि घर

आयुर्विम्याच्या मृत्युदाव्यात पहिला प्रश्न पॉलिसीला किती वर्षं झाली हा. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार ३ वर्षं पूर्ण झाल्यावर कोणत्याही कारणावरून पॉलिसीवर शंका घेता येत नाही. ही ३ वर्षं पॉलिसी देणं, जोखीम सुरू होणं, बंद पॉलिसी पुन्हा चालू करणं किंवा रायडर (जादा संरक्षण) जोडणं यांतली जी तारीख शेवटची, तिथून मोजतात. त्याआत मृत्यू झाला असेल तर कंपनीचा तपासनीस घरी येतोच. त्याच्याशी नीट बोला, ओळखपत्र बघा, पण कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नका. जे लिहून दिलं त्याचा फोटो काढून ठेवा. दुःखात असलेल्या बाईला एकटीला या भेटीला बसवू नये. भाऊ, दीर, शेजारच्या काकू, कोणीतरी सोबत असावं.

गाडी आणि घराच्या दाव्यांत नुकसान पाहून त्याची रक्कम ठरवणारा सर्व्हेअर येतो. गाडीचं नुकसान ५०,००० रुपयांवर आणि इतर मालमत्तेचं १,००,००० वर असेल तर परवानाधारक सर्व्हेअर लागतो. त्याची फी कंपनी देते, तुम्ही एक रुपयाही द्यायचा नाही. त्याच्या अहवालाची प्रत मागा. आकडा पटला नाही तर अधिकृत सर्व्हिस सेंटरचं सविस्तर एस्टिमेट किंवा चार्टर्ड इंजिनिअरचा अहवाल स्वखर्चाने घेणं योग्य, मात्र फरकाची रक्कम त्या खर्चापेक्षा बरीच मोठी असेल तरच. पावसाळ्यात गाडी पाण्यात अडकली असेल तर इंजिन चालू करून बघू नका. आधी फोटो, मग कंपनीला फोन, मग टोइंग.

कंपनीकडे रीतसर तक्रार

आता कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहायचं. ईमेल पॉलिसीच्या पुस्तिकेत असतो. पत्र दीड पानाचं पुरे: पॉलिसी आणि क्लेम क्रमांक, नकाराचं कारण त्यांच्याच शब्दांत, ते का चूक आहे याचे दोन-तीन मुद्दे आणि प्रत्येकाचा पुरावा, आणि शेवटी नेमकी किती रक्कम मागता. राग, शाप, ‘मीडियात जाईन’ हे सगळं बाजूला ठेवा. हेच पत्र पुढे विमा लोकपालांसमोर, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, जाणार आहे.

कंपनीने १४ दिवसांत उत्तर द्यायला हवं. सोबत नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर नोंद करा, किंवा १५५२५५ वर फोन करा. नियामक स्वतः निवाडा करत नाही, पण तक्रार कंपनीकडे अधिकृतपणे जाते आणि तारखेचा पुरावा तयार होतो. नियामकाच्या नावाने फोन करून ‘बोनस सोडवून देतो, फी भरा’ म्हणणारे सगळे भामटे असतात. नियामक असे फोन करत नाही.

पैसे घेणारे सल्लागार

क्लेम मिळवून देणाऱ्या खाजगी संस्था आता बऱ्याच आहेत. थोडी नोंदणी फी आणि पैसे मिळाल्यावर टक्केवारी, अशी त्यांची पद्धत. काही ठिकाणी डॉक्टर आणि विमा कंपन्यांतले निवृत्त अधिकारी बसलेले असतात आणि ते कागद खरोखर चांगले वाचतात. वयस्कर जोडपं एकटं राहतं, मुलं परदेशात, आणि फाइल दोनशे पानांची, अशा वेळी त्यांची मदत घेणं मला चुकीचं वाटत नाही. पण लेखी कराराशिवाय नको. टक्केवारी कोणत्या रकमेवर, कंपनीने स्वतःहून दिलेल्या पैशांवरही ती लागणार का, मध्येच काम थांबवलं तर काय, हे त्यात हवं. मूळ कागद, सही केलेला कोरा चेक, ओटीपी यांतलं काहीही देऊ नका. क्लेमची रक्कम थेट तुमच्याच खात्यात यायला हवी.

‘मी वकील आहे, वीस टक्के घेईन’ असं कोणी म्हणत असेल तर तिथेच थांबा. खटल्याच्या निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे.

विमा लोकपाल आता ठाण्यातच

कंपनीचं उत्तर पटलं नाही, किंवा तक्रार मिळून महिना उलटला तरी उत्तरच नाही, तर विमा लोकपालांकडे जा. ठाण्यात आता स्वतंत्र कार्यालय आहे, पश्चिमेला ‘जीवन चिंतामणी’ इमारतीत. ठाणे, पालघर आणि रायगड जिल्हे व नवी मुंबई त्याच्याच कक्षेत येतात, म्हणजे खारघर-पनवेलकरांचीही तक्रार इथेच. जुन्या पॉलिसींत मुंबई किंवा पुण्याचा पत्ता छापलेला असू शकतो, त्यावर जाऊ नका. तक्रार ऑनलाइनही करता येते.

५० लाखांपर्यंतच्या दाव्यांसाठी ही सोय आहे आणि फी शून्य आहे. मुदत एक वर्षाची. त्याच विषयावर ग्राहक आयोगात किंवा कोर्टात प्रकरण चालू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाहीत, म्हणून क्रम उलटा करू नका. इथे वकील, एजंट, सल्लागार चालत नाहीत. तक्रारदार स्वतः, वारस, नॉमिनी किंवा ज्याच्या नावे पॉलिसी हस्तांतरित झाली तोच तक्रार करू शकतो. बाहेरच्या माणसाची मदत घ्यायची तर ती कागद तयार करण्यापुरती.

सुनावणी थोडक्यात होते, व्हिडिओ कॉलवरही होऊ शकते. तीन मुद्दे मराठीत पाठ करून जा, आणि प्रत्येक मुद्द्याचा कागद फाइलमध्ये कितव्या पानावर आहे ते माहीत असू द्या. एवढी तयारी असली की सातवी शिकलेली आजीसुद्धा आपली बाजू नीट मांडू शकते. आवश्यक कागद मिळाल्यापासून ३ महिन्यांत निवाडा द्यायचा असतो आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीने ३० दिवसांत अंमल केला नाही तर तक्रारदाराला दिवसाला ५,००० रुपये द्यावे लागतात. निवाडा विरोधात गेला तरी तुमच्यासाठी ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा राहतो.

ग्राहक आयोग आणि वकील

इथे वकिलाचे पैसे सार्थकी लागतात, विशेषतः रक्कम मोठी असेल किंवा कंपनीने फसवणुकीचा आरोप केला असेल तर. तक्रार कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत हवी. लोकपालांकडे प्रकरण चालू असलं तरी या तारखेवर लक्ष ठेवा. कोणत्या पातळीचा आयोग हे क्लेमच्या नव्हे, भरलेल्या प्रीमियमच्या रकमेवर ठरतं, आणि ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. त्यामुळे एक कोटीच्या टर्म प्लॅनची तक्रारही जिल्ह्यातच चालू शकते. प्रीमियम ५ लाखांच्या आत असेल तर आयोगाची फी नाही.

ठाणे जिल्ह्यासाठी ठाण्यात आयोग आहे आणि बेलापूरच्या कोकण भवनात अतिरिक्त आयोग. पनवेल-खारघर रायगडात येतं, म्हणजे अलिबाग. पण तक्रारदार राहतो तिथे किंवा नोकरी-धंदा करतो तिथेही दाखल करता येतं. खारघरला राहून ऐरोलीत नोकरी करणाऱ्याने अलिबागच्या खेपा घालायची गरज नाही. दाखल करण्यासाठी ई-जागृती पोर्टल आहे.

वकील निवडताना विम्याची प्रकरणं चालवली आहेत का, तारखेला स्वतः उभे राहणार की ज्युनिअर, आणि फी कोणत्या टप्प्याला किती, हे विचारा आणि लिहून घ्या. परवडत नसेल तर ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि अपंग व्यक्तींनाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख आहे. १५१०० ही त्यांची हेल्पलाइन. ग्राहक म्हणून प्राथमिक सल्ला हवा असेल तर १९१५ वर फोन करा, किंवा १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीकडे विचारा.

आदेश तुमच्या बाजूने लागला तर कंपनी ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करू शकते, पण त्यासाठी तिला आदेशातली निम्मी रक्कम आधी जमा करावी लागते. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, असं झालं तर त्याच जिल्हा आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. आदेशाची प्रमाणित प्रत हातात आली त्याच दिवशी वकिलांना अपिलाची ही मुदत कधी संपते ती तारीख डायरीत लिहायला सांगा.